शिक्षेनंतरची शिकार : कायद्याने काय चालते, काय चालत नाही

मंडळाच्या पुरवणीत शिकारीवर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. त्यातून लिहिणारी मी. आमच्या स्वयंपाकघरात अंडेसुद्धा शिजत नाही. पण गेली वीस-बावीस वर्षे पेनसिल्व्हेनियात फौजदारी बचाव आणि इमिग्रेशन अशी दुहेरी वकिली करताना दर सप्टेंबर-ऑक्टोबरात एक प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही असतात. प्रश्न असा : "पूर्वी एकदा गुन्हा शाबीत झालेला आहे. शिक्षा, दंड, प्रोबेशन सगळे पार पडले. आता ऑफिसातले मित्र हरणाच्या शिकारीला चल म्हणतात. गेले तर चालेल का?"

या प्रश्नाचे उत्तर "हो" असे आहे, "नाही" असेही आहे, आणि या दोहोंमधली रेघ ज्याला ठाऊक नाही तो माणूस पंधरा वर्षे तुरुंगात जाऊ शकतो. तो ग्रीन कार्डवर असेल तर त्याला कायमचे भारतात परत पाठवले जाऊ शकते. म्हणून हा लेख.

"आपल्यात असे लोक असतात कुठे?" असे कोणी म्हणेल. असतात. गणेशोत्सवाला ते येत नाहीत, किंवा आले तरी बोलत नाहीत, इतकेच. कोणी दुकानाच्या विक्रीकराचे आकडे फिरवलेले असतात, कोणी मेडिकेअरला खोटी बिले लावलेली असतात, कोणी कर्जासाठी बँकेला चुकीची मिळकत दाखवलेली असते. कॉलेजात असताना मित्रांबरोबर नशेच्या गोळ्या विकण्याच्या भानगडीत सापडलेली मुलेही आपल्याच घरांतली असतात. यांतले बहुतेक गुन्हे अमेरिकन कायद्यात फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, या वर्गात मोडतात.

इकडची शिकार आणि तिकडची शिकार

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळपास संपूर्ण बंद झाली. त्यामुळे आपल्या मनात शिकार म्हणजे एकतर संस्थानिकांच्या दिवाणखान्यातले वाघाचे मुंडके, नाहीतर जंगलातली चोरटी कत्तल. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. इथे प्रत्येक राज्याचे वन्यजीव खाते कोणत्या प्राण्याची, किती, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या हत्याराने शिकार करायची हे ठरवते. परवान्याची फी त्या खात्याला मिळते. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे रायफली, शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी वाटला जातो.

आमच्या पेनसिल्व्हेनियात रायफलने हरीण मारण्याचा मोसम कित्येक दशके थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडत असे. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो, तरीही खेड्यांकडच्या पुष्कळ शाळा त्या सोमवारी सुट्टी देतात. आपल्याकडे आषाढीला जे पंढरपूरच्या आसपास होते, तसे काहीसे. अशा गावात नोकरीला असलेल्या माणसाला शिकारीचे आमंत्रण येते ते शेजारधर्म म्हणून येते. ते नाकारताना कारण सांगावे लागते, आणि खरे कारण सांगायची लाज वाटते. गोष्ट बिघडते ती इथे.

कायदा कोणाला अडवतो?

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. शिकारीचा परवाना आणि बंदूक बाळगण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना राज्याचे वन्यजीव खाते देते, आणि बहुतेक राज्यांत जुनी फेलनी आहे म्हणून तो नाकारला जात नाही. त्यामुळे अनेकांचा समज होतो की सरकारनेच परवाना दिला, म्हणजे सगळे ठीक आहे. तसे नाही. अडचण शिकारीची नसून हातातल्या हत्याराची आहे.

१९६८ च्या फेडरल गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार, एक वर्षापेक्षा जास्त कैद होऊ शकेल असा गुन्हा ज्याच्यावर शाबीत झाला आहे, त्याला बंदूक किंवा दारूगोळा बाळगता येत नाही. "होऊ शकेल" हे शब्द नीट वाचा. प्रत्यक्षात एक दिवसही तुरुंगात काढला नसेल, नुसते प्रोबेशन मिळाले असेल, तरी बंदी लागते. न्यायाधीशाने किती शिक्षा दिली याला महत्त्व नाही. कायद्यात जास्तीत जास्त किती लिहिली आहे, ते पाहायचे.

दुसरी मेख नावाची आहे. राज्याच्या कायद्यात ज्याला मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा, म्हणतात त्याची कमाल शिक्षा दोन वर्षांपर्यंत असेल तर फेडरल कायदा तो मोजत नाही. दोन वर्षांच्या वर गेली की मोजतो. पेनसिल्व्हेनियात पहिल्या दर्जाच्या मिसडिमीनरला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि रक्तात बरेच मद्य असताना पुन्हा गाडी चालवताना सापडलेला माणूस त्यात मोडू शकतो. मॅसॅच्युसेट्समध्ये तर दारू पिऊन गाडी चालवल्याच्या पहिल्याच गुन्ह्याला अडीच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. न्यू जर्सीच्या कायद्यात फेलनी हा शब्दच नाही. तिथे गुन्ह्यांचे चार दर्जे असतात, आणि सगळ्यांत खालच्या चौथ्या दर्जालाही अठरा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून "माझ्या कागदावर फेलनी लिहिलेले नाही" हे वाक्य कामाचे नाही.

तिसरी गोष्ट घरातली आहे. १९९६ पासून, पत्नीवर किंवा पतीवर हात उगारल्याचा साधा मिसडिमीनर शाबीत झाला असला तरी बंदूक वर्ज्य आहे. घरगुती हिंसाचाराबद्दल संरक्षणाचा आदेश चालू असलेल्या माणसावरही बंदी आहे, आणि सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये रहीमी खटल्यात ती उचलून धरली.

सूटही आहे, पण चिमूटभर. व्यापारातली स्पर्धा दडपणे, किमती संगनमताने ठरवणे अशा प्रकारचे गुन्हे या बंदीतून वगळले आहेत. याचा अर्थ सगळे पांढरपेशे गुन्हे सुटले असा मुळीच नाही. टपालाने किंवा तारेने केलेली फसवणूक, करचुकवेगिरी, आरोग्यविम्याची फसवणूक हे सारे मोजले जाते.

आणि भारतात झालेल्या शिक्षेचे काय? हा प्रश्न फक्त आपल्यासारख्यांनाच पडतो, म्हणून मुद्दाम सांगते. २००५ मध्ये स्मॉल खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवले की या फेडरल बंदीसाठी फक्त अमेरिकन न्यायालयांतले निकाल मोजायचे. त्या खटल्यातला माणूस जपानमध्ये शिक्षा भोगून आला होता. म्हणजे पुण्याच्या सेशन्स कोर्टातला निकाल ही बंदी लावत नाही. मात्र राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, आणि इमिग्रेशनच्या अर्जावर ती शिक्षा सांगावीच लागते.

"नुसती हातात धरली" हेही बाळगणेच

या बंदीचे उल्लंघन केल्यास पूर्वी दहा वर्षांपर्यंत कैद होती. २०२२ च्या कायद्याने ती पंधरा वर्षांपर्यंत नेली. हिंसक किंवा अमली पदार्थांचे तीन गंभीर गुन्हे मागे असतील तर पंधरा वर्षे ही किमान शिक्षा होते. टेनेसीतल्या अशाच एका माणसाकडे बंदूक नव्हती, शॉटगनची सात काडतुसे तेवढी होती. त्याला पंधरा वर्षे झाली, आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने ती कायम केली.

बाळगणे म्हणजे मालकी नव्हे. मित्राची रायफल फोटोपुरती हातात घेतली, शिकारीच्या तळावर भाड्याने घेतली, किंवा "जरा धर, मी कुंपण ओलांडतो" म्हणून कोणी दिली आणि आपण धरली, तरी ते बाळगणेच. शिवाय प्रत्यक्ष हातात नसतानाही ताबा शाबीत होऊ शकतो. बंदूक तिथे आहे हे माहीत आहे, ती केव्हाही घेण्याची सोय आहे आणि घेण्याचा इरादा दिसतो, इतके सिद्ध झाले की पुरे. म्हणून मित्रांच्या रायफली मागच्या सीटवर ठेवलेल्या पिकअपमधून जाणे मी माझ्या अशिलांना करू देत नाही. आपली गाडी वेगळी, आपला तंबू वेगळा.

हेच घरालाही लागू आहे. पत्नीच्या नावावर बंदूक असू शकते, तो तिचा हक्क आहे. पण ती अशा तिजोरीत हवी जिची किल्ली किंवा आकडा पतीला ठाऊक नाही. आणि पत्नीने दुकानात जाऊन पतीसाठी बंदूक घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. २०२२ पासून त्यालाही पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वडिलोपार्जित बंदूक वाट्याला आली तर ती विकता किंवा दुसऱ्याला देता येते, पण देणाऱ्याचा तिच्यावर काहीही ताबा उरता कामा नये, असे २०१५ च्या हेंडरसन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे.

इतका वेळ "नाही" झाले. आता "हो" कडे वळू.

धनुष्यबाण : सगळ्यांत सरळ वाट

फेडरल कायद्यात बंदूक म्हणजे स्फोटाच्या जोरावर गोळी फेकणारे हत्यार. धनुष्यात स्फोट नाही, म्हणून धनुष्य ही बंदूक नाही. साधे धनुष्य, कप्प्यांचे कंपाउंड धनुष्य आणि क्रॉसबो ही तिन्ही फेडरल बंदीच्या बाहेर आहेत. बाणाचे टोक म्हणजे दारूगोळाही नव्हे.

आपल्या इंजिनिअर वाचकांना कंपाउंड धनुष्य आवडेल. मिसूरीच्या हॉलिस विल्बर अ‍ॅलन यांना १९६९ मध्ये याचे पेटंट मिळाले. धनुष्याच्या दोन्ही टोकांना विकेंद्री कप्प्या असतात. दोरी ओढताना मध्यावर पूर्ण जोर लागतो, पण शेवटपर्यंत ओढली की कप्प्या वळतात आणि भार एकदम उतरतो. साठ पौंडांचे धनुष्य पूर्ण ताणून धरताना हातावर पंधरा-वीस पौंडच राहतात. त्यामुळे नेम धरायला सवड मिळते. चाळिशीतला, खुर्चीत बसून काम करणारा माणूसही काही महिन्यांच्या सरावाने हे शिकू शकतो.

बहुतेक राज्यांत धनुष्याचा मोसम बंदुकीच्या आधी, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात सुरू होतो आणि बरेच आठवडे चालतो. जंगलात गर्दी कमी, हवा बरी, आणि त्या दिवसांत आसपास बंदुकाही कमी. ज्याला बंदुकांपासून लांबच राहायचे आहे, त्याच्या दृष्टीने हा मोठाच फायदा. हरीण साधारण वीस ते तीस-चाळीस यार्डांवर येऊ द्यावे लागते. त्यापलीकडून बाण सोडणे म्हणजे जनावर जखमी करून सोडण्याचा धोका. धनुष्याला किती ताण असावा, बाणाचे पाते किती रुंद असावे, क्रॉसबो कोणत्या मोसमात चालेल, हे प्रत्येक राज्याच्या नियमपुस्तिकेत दिलेले असते. झाडावर मचाण बांधून बसणार असाल तर कमरेचा आणि खांद्याचा पट्टा बांधल्याशिवाय वर चढू नका. मचाणावरून पडून माणसे कायमची जायबंदी होतात.

परवान्याआधी बहुतेक नवशिक्यांना शिकारशिक्षणाचा वर्ग करावा लागतो. त्यातल्या काही वर्गांत प्रत्यक्ष रायफल हाताळून दाखवायची असते. तिथेही हात लावायचा नाही. नाव नोंदवतानाच "मला फक्त धनुष्याचा वर्ग हवा" असे सांगा, किंवा प्रशिक्षकाला आधी फोन करून बंदूक न हाताळता वर्ग पुरा होतो का ते विचारा. कारण सांगण्याची गरज नाही.

ठासणीची बंदूक : वाट आहे, पण निसरडी

कोकणातल्या वाचकांनी ठासणीची बंदूक पाहिलेली असेल. शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर ठेवलेली, नळीच्या तोंडातून आधी दारू, मग छर्रे किंवा गोळी घालून गजाने ठासायची. अशा बंदुकीला फेडरल कायदा "पुरातन बंदूक" म्हणतो आणि बंदुकीच्या व्याख्येतून वगळतो. १८९८ पर्यंत बनवलेल्या बंदुका, त्यांच्या नवीन प्रतिकृती, आणि काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायावर चालणाऱ्या, काडतूस न चालणाऱ्या ठासणीच्या बंदुका या सवलतीत येतात. काळी दारू एरवी स्फोटक म्हणून अशा माणसाला वर्ज्य असती. पण पुरातन बंदुकीसाठी, खेळाच्या उद्देशाने, पन्नास पौंडांपर्यंतच्या कारखानी काळ्या दारूला कायद्याने सूट आहे. बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र मोसम असतो.

इथवर ऐकून लोक खूश होतात आणि दुकानात जातात. दुकानात गोंधळ होतो तो असा. काही ठासणीच्या बंदुका अशा सांगाड्यावर बांधलेल्या असतात की नळी बदलली की त्यात काडतूस चालते. थॉम्पसन सेंटरची एन्कोर किंवा ठासणीची नळी बसवलेली मॉसबर्ग ५०० अशा बंदुकांना फेडरल सरकार सरळ बंदूकच मानते. दिसायला ठासणीची, कायद्याने रायफल.

याहून बारीक मुद्दा ठिणगीचा आहे. कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत बंदुकीसाठी बनवलेल्या काडतुसांबरोबर त्यांचे प्रायमर, गोळ्या आणि बिनधुराची दारूही येते. आजच्या बहुतेक नव्या ठासणीच्या बंदुका पेटतात त्या शॉटगनच्या काडतुसाला लागणाऱ्या प्रायमरवर. बंदूक सवलतीत, पण खिशातला प्रायमर दारूगोळा ठरू शकतो, अशी ही विचित्र अवस्था. म्हणून माझा सल्ला असा असतो : ठासणीच्याच वाटेने जायचे असेल तर जुन्या पद्धतीची, चकमकीवर किंवा तांब्याच्या टोपीवर पेटणारी बंदूक घ्या, काळी दारूच वापरा, आणि शिशाची गोल गोळी.

राज्याराज्यांत फरक

आतापर्यंत सांगितले ते फेडरल कायद्याचे. राज्याचा कायदा त्याहून कडक असू शकतो, आणि दोन्ही पाळावे लागतात. टेक्ससमध्ये पुरातन बंदुका आणि त्यांच्या काडतूस न लागणाऱ्या प्रतिकृती राज्याच्याही व्याख्येबाहेर आहेत. पेनसिल्व्हेनियात मात्र राज्याच्या यादीतला गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला वापरण्याजोगी पुरातन बंदूकही चालत नाही. त्या यादीत मुख्यतः हिंसेचे, चोरी-घरफोडीचे आणि अमली पदार्थांचे गंभीर गुन्हे आहेत. म्हणजे एकाच गावातल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला ठासणीची बंदूक चालेल आणि दुसऱ्याला नाही, असे घडू शकते.

उलट दिशेनेही फसगत होते. टेक्ससचा कायदा म्हणतो की सुटकेनंतर पाच वर्षे झाली की फेलनी असलेला माणूस स्वतःच्या घरात बंदूक ठेवू शकतो. हे वाचून कोणी बंदूक घेतली तर राज्य त्याला पकडणार नाही, पण फेडरल सरकार पकडू शकते. टेक्ससने दिलेली ही मुभा ह्यूस्टनच्या फेडरल कोर्टात उपयोगी पडत नाही.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या छर्ऱ्याच्या बंदुकीचेही असेच. फेडरल कायद्यात ती बंदूक नव्हे, कारण स्फोट नाही. काही राज्यांत, उदाहरणार्थ टेक्ससमध्ये, ठरावीक ताकदीच्या हवाई बंदुकीने हरणाची शिकारही करता येते. पण न्यू जर्सीत हवाई बंदूक ही बंदुकीच्याच व्याख्येत येते. एडिसनमधल्या माणसाने नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियातले ऐकून ती घरी आणली, तर त्याने नवा गुन्हा केला.

ज्याला हत्यारांचा हा घोळच नको, त्याच्यासाठी आणखी वाटा आहेत. ससाणा पाळून शिकार करण्याची कला इथे जिवंत आहे. परीक्षा, अनुभवी माणसाच्या हाताखाली किमान दोन वर्षांची उमेदवारी, पक्ष्यासाठी नियमाप्रमाणे घर, अशी ती कठीण वाट आहे, पण बंदूक तिच्यात कुठेच नाही. २०१४ पासून तिचे परवाने राज्ये देतात. सापळे लावण्याचा परवाना वेगळा असतो. मिसूरीत तर अ‍ॅटलॅटल या आदिम भालाफेकीच्या काठीनेही हरीण मारता येते.

प्रोबेशन चालू असेल तर

शिक्षेचा काळ, प्रोबेशन किंवा पॅरोल अजून संपलेला नसेल तर वरचे सगळे बाजूला ठेवा. फेडरल देखरेखीच्या ठरलेल्या अटींत बंदुकीबरोबर "घातक हत्यार" हेही शब्द असतात, आणि ते हाताशी असणेही मना असते. राज्यांच्या अटीही बऱ्याचदा तशाच असतात. धनुष्य घातक हत्यार आहे की नाही, हा वाद अधिकाऱ्याशी जंगलात घालायचा नसतो. आधी लेखी परवानगी मागा. तोंडी "हो" मिळाले तरी पत्र किंवा ई-मेल घ्या, कारण अधिकारी बदलतात. नकार आला तर प्रोबेशन संपेपर्यंत थांबा. हरणे कुठे जात नाहीत.

ग्रीन कार्ड आणि व्हिसावर असलेल्यांसाठी

हा भाग कृपया दोनदा वाचा. अमेरिकन नागरिकाने ही बंदी मोडली तर तुरुंग, आणि मग घर. ग्रीन कार्डवाल्याने मोडली तर तुरुंग, आणि मग विमान. बंदुकीचा कोणताही गुन्हा शाबीत होणे हे हद्दपारीचे स्वतंत्र कारण आहे. त्यावर, फेलनीनंतर बंदूक बाळगण्याचा फेडरल गुन्हा इमिग्रेशन कायद्यात "अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी" गणला जातो. हा शिक्का बसला की मुले इथे जन्मलेली आहेत, घराचे कर्ज आहे, तीस वर्षे कर भरला, यांतले काहीही सांगून ग्रीन कार्डवाल्याला ठेवून घेण्याची मोकळीक इमिग्रेशन न्यायाधीशाला जवळपास उरत नाही. नागरिकत्वाचा रस्ताही कायमचा बंद होतो.

माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची हकिकत, ओळख पटणार नाही इतपत सांगते. पतीवर बारा वर्षांपूर्वी चेकच्या फसवणुकीचा गुन्हा शाबीत झाला होता. त्या वेळी हद्दपारी टळली होती. कामावरच्या मित्रांनी शिकारीला नेले. परवाना रीतसर काढलेला, नारिंगी जाकीट घातलेले. वन्यजीव अधिकाऱ्याने नेहमीप्रमाणे सगळ्यांचे परवाने तपासले, तेव्हा यांच्या हातात मित्राची रायफल होती. पुढचे सगळे कागदावरून कागदावर सरकत गेले. त्यांच्या पत्नीने मला विचारले, "अहो ताई, परवाना तर सरकारनेच दिला होता ना?" या प्रश्नाला माझ्याकडे कायद्याचे उत्तर होते, पण त्या बाईंना पटेल असे उत्तर नव्हते. हाच माणूस त्याच जंगलात महिनाभर आधी धनुष्य घेऊन गेला असता, तर अधिकाऱ्याने परवाना पाहून "गुड लक" म्हटले असते.

एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना एरवीच बंदूक बाळगता येत नाही. त्याला एक अपवाद म्हणजे वैध शिकारीचा परवाना. पण हा अपवाद व्हिसाच्या बंदीपुरता आहे. मागे फेलनी असेल तर तो काहीच वाचवत नाही.

आणखी एक. राज्याच्या न्यायालयाने जुना गुन्हा पुसून टाकला, तर बंदुकीच्या कायद्यापुरता तो बहुधा पुसला जातो. पण इमिग्रेशन खाते तो पुसलेला मानत नाही. म्हणून बंदुकीचा वकील "तुम्ही मोकळे" म्हणाला तरी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय परदेशप्रवास किंवा नागरिकत्वाचा अर्ज करू नका. २०१० च्या पडिया खटल्यापासून, गुन्हा कबूल करण्याआधी हद्दपारीचा धोका सांगणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्यच ठरले आहे. तुमच्या मुलावर कधी अशी वेळ आली, तर हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

हक्क परत मिळतात का?

राज्याच्या न्यायालयातली शिक्षा असेल तर मार्ग राज्यातच आहेत : गव्हर्नरची माफी, गुन्हा पुसून टाकणे, किंवा नागरी हक्क परत मिळणे. फेडरल कायदा हे मानतो, मात्र त्या आदेशात "बंदूक वगळून" अशी अट असता कामा नये. आदेशातला प्रत्येक शब्द वाचून घ्या.

फेडरल न्यायालयातली शिक्षा असेल तर राज्य काही करू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये ठरवले. तिथे राष्ट्राध्यक्षांची माफी हा एक मार्ग. दुसरा, सरकारकडे अर्ज करून बंदी उठवून घेण्याचा मार्ग कायद्यात होता, पण १९९२ पासून काँग्रेस त्या अर्जांच्या तपासणीला पैसेच देत नसल्याने तो कुलूपबंद राहिला. मार्च २०२५ मध्ये न्याय खात्याने हे काम आपल्याकडे घेतले आणि जुलै २०२५ मध्ये अर्जांच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. तेव्हापासून या दारात हालचाल आहे. अर्जाआधी वकिलाकडून ताजी स्थिती पाहून घ्यावी.

न्यायालयांतही वारे बदलत आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या रेंज नावाच्या गृहस्थांवर १९९५ मध्ये फूड स्टँपसाठी मिळकत कमी दाखवल्याचा मिसडिमीनर शाबीत झाला होता. रक्कम २,४५८ डॉलर. तुरुंगवास शून्य, पण कमाल शिक्षा पाच वर्षे, म्हणून आयुष्यभर बंदी. ते न्यायालयात गेले. तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये, आणि सुप्रीम कोर्टाने फेरविचारासाठी परत पाठवल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा, त्यांच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल त्यांच्यापुरता, त्यांच्या वस्तुस्थितीपुरता आहे. इतर काही सर्किटांनी नेमके उलटे ठरवले आहे. म्हणून "रेंजला मिळाली, मग मलाही" असे समजून रायफल उचलू नये. रेंज यांनी आधी न्यायालयाकडून हक्क मिळवला, हे त्यातले शिकण्यासारखे.

करायचे काय?

थोडक्यात क्रम सांगते. पहिले, जुन्या खटल्याचा निकालपत्राचा कागद न्यायालयातून मिळवा. आठवणीवर जाऊ नका. दुसरे, त्या कलमाची कमाल शिक्षा किती ते पाहा. तिसरे, प्रोबेशन पूर्ण संपल्याचा लेखी पुरावा ठेवा. चौथे, राज्याच्या कायद्यात धनुष्य, ठासणीची आणि हवाई बंदूक यांचे काय ते वकिलाकडून लेखी घ्या. पाचवे, परवाना काढा आणि धनुष्याच्या मोसमात, बंदुका नसलेल्या सोबत्यांबरोबर जा. सहावे, बंदुकीला आणि काडतुसाला हात लावू नका. जमिनीवर पडलेले भरलेले काडतूसही उचलू नका.

मित्रांना काय सांगायचे? "मला धनुष्यच आवडते" एवढे पुरते. इथल्या शिकाऱ्यांत धनुर्धाऱ्यांना थोडा जास्तच मान आहे; कोणी कारण विचारत नाही.

आणि मंडळातल्या आपण बाकीच्यांना एक विनंती. कोणी संकोचत असा प्रश्न विचारला, तर "कशासाठी हवे आहे?" असे विचारू नका, आणि ऐकीव उत्तरही देऊ नका. त्याला वकिलाचा फोन नंबर द्या. शिक्षा भोगून झालेल्या माणसाने कायद्याच्या आत राहून चारचौघांसारखे जगायचे ठरवले आहे म्हणूनच तो विचारतो आहे. माझ्या अनुभवात नुकसान होते ते न विचारणाऱ्यांचे, आणि न विचारण्याचे कारण बहुतेक वेळा आपली कुजबुज हेच असते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येकाची वस्तुस्थिती वेगळी असते. स्वतःच्या बाबतीत आपल्या राज्यातल्या वकिलाचा सल्ला घ्यावा.)